भंगाळे सर चालू असताना

वीज गेली की भंगाळे सर चष्मा पुसत, खडू उचलत आणि फळ्यापाशी ताठ उभे राहून म्हणत, "हां, आता मी मशीन. चालवा."

रेवा, परवा फोनवर तू म्हणालीस की कॉलेजात स्वतःची छोटी प्रोग्रामिंग भाषा तयार करून तिचा इंटरप्रिटर लिहायचा आहे. बुऱ्हाणपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आम्हांलाही हेच काम होतं. फक्त आम्ही बाराजण, कॉम्प्युटर एक आणि वीज लहरी. ती नसली की इंटरप्रिटर म्हणजे सर.

ते बहादरपूरहून सायकलने येत. घरी केळीची बाग, त्यामुळे बुशशर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग कायमचे. आम्ही प्रोग्राम लिहून द्यायचा. सर एक ओळ वाचणार, तेवढीच करणार, मग पुढची. "कंपायलर सगळा कागद आधी वाचून घेतो. इंटरप्रिटर बिचारा ओळीमागून ओळ चालतो. खड्डा पडल्यावरच कळतो त्याला," असं सांगत आणि तसेच वागत. माझी मैत्रीण कमल हिने एकदा 'उत्तर दाखव'च्या आधीच 'फळा पूस' लिहिलं. अर्धा तास केलेली आकडेमोड सरांनी शांतपणे पुसून टाकली. कमल ओरडली, "अहो सर, थोडं बघायचं ना!" सर म्हणाले, "बेटा, मशीनला दिमाग नसतो. तो तू आणायचा."

माझी भाषा सर्वांत नेटकी आहे, अशी माझी खात्री होती. चारच शब्द: ठेव, मिळव, दाखव, परत. नियमांचा कागद दोनदा सुवाच्य उतरवला होता.

प्रात्यक्षिक परीक्षेला इंदूरहून परीक्षक आले आणि वीज गेली. त्यांना संध्याकाळच्या गाडीने परतायचं होतं. परीक्षा झाली नाही तर सगळ्यांचं वर्ष जाणार होतं, आणि मला घरून आणखी एक वर्ष मिळणार नव्हतं. बाबांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

सर पुढे झाले. "साहेब, मी चालवतो. मशीनपेक्षा हळू, पण मशीनसारखाच."

"चलिए, देखते हैं," परीक्षक हसले. पहिला नंबर माझा. सातचा पाढा दाखवायचा होता.

सरांनी माझे नियम वाचले. सात ठेवले, दाखवले. सात मिळवले, दाखवले. परत, म्हणजे पुन्हा सात मिळवले, दाखवले. सत्तर आले आणि मी सुटले म्हणून वही मिटली. सरांनी सत्त्याहत्तर लिहिले.

"झालं, सर," मी पुटपुटले.

चौऱ्याऐंशी.

फळा भरला. सर गुडघे टेकून कपाटाच्या दारावर लिहू लागले. तीनशे आठला परीक्षक घड्याळ बघत उठले. "बस कीजिए, प्रोफेसर साहब! रुकिए!"

"साहेब, हिच्या भाषेत 'थांब' हा शब्दच नाही," सर म्हणाले आणि तीनशे पंधरा लिहिले.

माझे कान तापले. खरंच नव्हता. पाढा दहाला थांबतो हे मला माहीत होतं. कागदावर मी ते कुठेच म्हटलं नव्हतं. मागून कमल कुजबुजली, "अगं, कर काहीतरी! सर लिहीत लिहीत तापीवर, राजघाटाला पोचतील!"

मी उठले आणि सरांच्या हातातला खडू काढून घेतला.

"वीज गेली. मशीन बंद," सर म्हणाले आणि स्टुलावर बसले.

परीक्षक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग एकदम कडक झाले. "गलती कहाँ है?"

"माझ्या भाषेत, साहेब. एक शब्द कमी पडला." मी कागदावर 'थांब' हा पाचवा शब्द लिहिला, आणि तो केव्हा, तेही. सर दुसरा खडू घेऊन पुन्हा चालू झाले आणि सत्तरवर थांबले. मी पास झाले. साहेबांची गाडी चुकली, त्यामुळे बाकीच्यांचीही परीक्षा निवांत झाली.

दुसऱ्या दिवशी सरांचा उजवा खांदा धरला होता. डाव्या हाताने वेडंवाकडं लिहीत होते. मी हळूच विचारलं, "सर, सत्त्याहत्तरलाच तुमच्या लक्षात आलं असेल. मग थांबला का नाहीत?"

"माझ्या लक्षात येऊन काय उपयोग? परीक्षा तुझी होती ना, बेटा?" मग त्यांनी तोच डावा हात पुढे केला. "आणि कालचा खडू आण इकडे. सरकारी आहे तो."