अडलंय कुठे?

माझी ताई इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवर बसायची. अडतिसाव्या वर्षी तिने एका जाडजूड पुस्तकावरून प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं आणि तिसऱ्याच धड्याला तीन आठवडे अडून बसली. विचारायचं कोणाला? भावोजी म्हणाले, "या वयात कशाला डोकेफोड?" कसाबसा तो धडा सुटला. पुढे दोन वर्षांनी तिने इंटरनेटवर चर्चेचं व्यासपीठच काढलं. नाव ठेवलं, 'अडलंय कुठे?' नवख्यांनी विचारायचं, जाणत्यांनी सांगायचं. नियम एकच: कुठलाही प्रश्न बावळट नसतो.

वर्षभरात नऊशे सभासद झाले. उत्तरं देणारे मात्र जेमतेम आठ. त्यांत सगळ्यांत पुढे एक निवृत्त इंजिनियर; सगळे त्यांना काका म्हणत. उत्तर अचूक, जीभ तिखट.

एकदा एका शिवणकाम करणाऱ्या बाईने विचारलं, "गिऱ्हाइकांची मापं ठेवायला प्रोग्रॅम लिहिलाय, पण तो थांबतच नाही." काकांनी खाली लिहिलं, "तुम्ही शिवणच करा. हे तुमचं काम नव्हे." बाईने प्रश्न पुसला आणि निघून गेली.

ताईने फोन लावला. "काका, तिची माफी मागा."

"मी काय तुझा नोकर आहे? फुकट शिकवायचं, वर बोलणीही खायची?"

"फुकट शिकवता म्हणून कोणाचाही पाणउतारा करायचा?"

काका ऐकेनात. ताईने त्यांचं खातं बंद केलं. आठवडाभरात काकांची बाजू घेऊन बाकीचे जाणतेही निघून गेले.

मग ताई एकटीच उत्तरं देत सुटली. येत नसेल ते वाचून, येत असेल ते घाईत. बालवर्गाच्या एका शिक्षिकेला यादीतली दोनदा आलेली नावं काढायची होती. ताईने तीन ओळी लिहून दिल्या. त्या ओळींनी तीन वर्षांची अख्खी यादी पुसली. शिक्षिकेने लिहिलं, "ताई, तुमचा दोष नाही. मीच प्रत काढून ठेवायला हवी होती." ताईने ते खिडकीत बसून वाचलं. समोर रांग होती. एका आजोबांचं नाव तिने लागोपाठ दोनदा चुकीचं लिहिलं.

"अगं, चूक होते," मी म्हटलं.

"होते गं. पण काका असते तर 'थांब' म्हणाले असते. त्यांना मीच घालवलं."

"मग तेव्हा चुकलं का तुझं?"

"तेच तर. तेव्हाही नाही चुकलं."

शेवटी मन मारून तिने काकांना फोन केला. काका आले. शिवणवाल्या बाईची सगळ्यांसमोर, चांगली चार ओळींची माफीही मागितली. ती वाचायला बाई काही परतली नाही. तोवर बाकीचे सभासदही पांगले होते. आता एआयच्या यंत्रालाच विचारलं की उत्तर मिळायचं, तेही न खेकसता. महिन्याला चाळीस प्रश्न, मग सात, मग शून्य.

परवा तिच्याकडे गेले तर ती कॉम्प्युटरसमोर बसलेली. पाच महिन्यांनी एक प्रश्न आला होता, कोणा नव्याच माणसाचा, अगदी पहिल्या धड्यातला.

"बघ, आलं की कोणीतरी!" मी म्हटलं.

"काका आहेत," ती म्हणाली. "दुसऱ्या नावाने. इतका नेटका प्रश्न नवखा विचारतो होय?"

"मग बंदच करून टाक ना हे सगळं."

"करीन," ती म्हणाली, आणि उत्तर लिहायला लागली. सावकाश, प्रत्येक ओळ दोनदा तपासत.