रॉडनी पास्कोचा अर्धवट रणगाडा

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कडीनाच्या पंचक्रोशीत रॉडनी पास्कोला न ओळखणारा शेतकरी सापडणं कठीण. ऐन गव्हाच्या कापणीत यंत्रानं मान टाकली की लोक आधी रॉडनीला फोन करत, मग देवाला. तो यायचा, टोपी मागे सारायचा, यंत्राच्या पोटात शिरायचा आणि संध्याकाळपर्यंत ते कुरकुरत का होईना, चालायला लागायचं. बोलणं मात्र बेताचं. त्याची बायको ग्लेनिस म्हणायची, "याच्याकडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला नट काढायचा. तेल घालायचं आणि वाट बघायची."

या माणसाची एक गोष्ट घरातल्यांनाही कळत नसे. पास्को मंडळींनी आयुष्यात तीन घरं बदलली. प्रत्येक वेळी ट्रक यायच्या आधी सुतळीनं बांधलेला एक पुठ्ठ्याचा खोका रॉडनी स्वतःच्या मांडीवर घेऊन नव्या घरी जायचा आणि कपाटाच्या माथ्यावर ठेवून यायचा. त्यात एक खेळण्यातला रणगाडा आहे, अर्धवट जोडलेला, एवढंच ग्लेनिसला माहीत होतं. दोन्ही मुली त्या खोक्याला हात न लावता मोठ्या झाल्या, लग्न होऊन गेल्या.

खोक्याची हकीगत त्याच्या थोरल्या भावाची होती. केल्विन रॉडनीपेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठा. वॉलरू बंदराच्या धक्क्यावर धान्याची पोती चढवायचा, शीळ घालत सायकलवरून घरी यायचा. सरकारनं सक्तीच्या लष्करभरतीसाठी विसाव्या वर्षातल्या पोरांच्या वाढदिवसांची सोडत काढली, त्यात त्याचा दिवस निघाला. व्हिएतनामला गेला. तिथे सेंच्युरियन रणगाडा चालवायचा. परत आला तेव्हा शीळ तिकडेच राहिली होती. दिवसभर मागच्या पायरीवर बसायचा. कुणी हाक मारली की आधी त्याचे हात बघायचा, मग चेहरा.

रॉडनी तेव्हा तेरा वर्षांचा. भावाचा केवढा अभिमान त्याला. पेपर टाकून जमवलेल्या पैशांतून त्यानं सेंच्युरियनचं जपानी मॉडेल आणलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं. केल्विन पाणी प्यायला आत आला, उभ्यानंच पाहत राहिला. मग खुर्ची ओढून धाकट्याच्या डाव्या हाताला बसला.

"या बाजूच्या पत्र्या कशाला लावतोस? काढून टाक."

"चित्रात आहेत ना."

"चित्र काढणारा चिखलात गेला नव्हता. आम्ही पहिल्याच आठवड्यात उपटून फेकल्या."

त्यानं पक्कड घेतली आणि पत्र्या मोडून काढल्या. पुढचे काही आठवडे रोज दुपारी हे चाललं. बुरुजाच्या मागे त्यानं दुधाच्या बाटलीच्या चंदेरी झाकणाचं इवलंसं घमेलं करून बसवलं. म्हणाला, सगळे त्यात अंग धुवायचो, एका कडेला पोचा होता म्हणून ते कायम डगमगायचं. पोचासुद्धा त्यानं नखानं पाडला. आई मोरीपाशी पाठमोरी उभी राहून त्याच त्याच ताटल्या धूत असायची. आपण वळलो तर पोरगा बोलायचा थांबेल, अशी तिला भीती.

एका दुपारी चालकाच्या जागेवरचं झाकण उघडं ठेवायचं की बंद, यावर बोलणं चाललं होतं. रॉडनीनं सहज विचारलं, "केल, खाली माणूस आला तर चालवणाऱ्याला कळतं का रे?"

केल्विननं हातातला चिमटा खाली ठेवला. नळाखाली हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि बाहेर गेला. त्यानंतर तो टेबलाशी बसला नाही. तीन आठवड्यांनी पहाटे गाडी घेऊन निघाला. गाडी पोर्ट ऑगस्टाच्या रेल्वे स्टेशनबाहेर मिळाली, किल्ली आतच होती. माणूस मिळाला नाही. पोलिसांनी शोधलं, वडिलांनी शोधलं, मग वडील गेले. आईनं मागच्या दाराला मरेपर्यंत कडी लावली नाही.

तो प्रश्न रॉडनीनं कुणालाच सांगितला नाही. पण तो त्याच्याबरोबर राहायला आला, एखादा पाहुणा यावा आणि जाऊच नये तसा. पेट्रोल पंपावर, फुटबॉलच्या मैदानात, कुठल्याही उंच, केल्विनसारखा डावा खांदा पाडून चालणाऱ्या माणसाच्या मागे रॉडनी दहा पावलं जायचा. माणूस वळायचा, भलताच कुणी असायचा. हार्डवेअरच्या दुकानात प्लॅस्टिक चिकटवायच्या डिंकाचा वास आला की तो खिळे न घेताच बाहेर पडायचा.

नोकरी संपली आणि दोघांनी मोठं घर विकून वॉलरूला समुद्राजवळ दोन खोल्यांचं घर घ्यायचं ठरवलं. आवराआवर करताना ग्लेनिसनं कपाटावरचा खोका खाली काढला. सुतळी हातातच तुटली. पुठ्ठ्याला कसर लागली होती.

"रॉडनी, नव्या घरात कपाटावर छतच आहे, जागा नाही," ती म्हणाली. "एक तर हे पुरं कर, नाही तर समुद्रात नेऊन टाक. मी काही विचारणार नाही. इतकी वर्षं विचारलं नाही."

तिनं टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि ती बाहेर कपडे वाळत घालायला गेली. रॉडनीनं झाकण उघडलं.

आतली चिकटवायची पारदर्शक अक्षरं पिवळी पडली होती, डिंकाची नळी दगड झाली होती. चाकांवर चढवायचे रबरी पट्टे इतकी वर्षं रणगाड्याच्या पाठीवर तसेच पडून होते. त्यानं ते उचलले तर तुकडे झाले, आणि खाली पाहतो तर रबरानं प्लॅस्टिक खाल्लं होतं. सपाट पाठीवर पट्ट्यांचा माग उमटला होता, दात न् दात मोजता यावा असा, जणू बंद खोक्यात कुणीतरी त्याच्यावरून गाडी नेली होती. रॉडनीनं दोन्ही हात टेबलावर टेकले आणि वाऱ्यानं फडफडणाऱ्या चादरींचा आवाज ऐकत बसला.

पण झाकण पुन्हा लावलं नाही.

नव्या घरी सामान लागल्यावर तो कामाला बसला. ॲडलेडहून नवे पट्टे मागवले, नवा डिंक आणला. पाठीवरचे माग पुटी भरून घासले. बोटाला गुळगुळीत लागत, उन्हात धरलं की पुन्हा दिसत. पुन्हा भरले, पुन्हा घासले. घासता घासता डावीकडे खुर्ची सरकल्यासारखी वाटायची. तो बघायचा नाही. "जास्त घासू नकोस, पत्रा पातळ होईल," असं कुणीतरी म्हणायचं आणि त्याचा हात हलका व्हायचा. एकदा ग्लेनिस चहा घेऊन आली आणि त्या खुर्चीवर बसायला लागली, तर तो पटकन म्हणाला, "तिथे नको." मग स्वतःच ओशाळला. ती पलीकडून दुसरी खुर्ची घेऊन आली.

मातकट हिरवा रंग झाला, पट्टे चढले. चालकाचं झाकण तेवढं तो लावेना. ते काडेपेटीत ठेवून द्यायचा.

हिवाळ्यात जवळच्या मूंटाच्या सभागृहात बायकांच्या गोधड्यांचं प्रदर्शन होतं. ग्लेनिसची एक गोधडी होती. शेजारच्या टेबलावर मॉडेलवाल्यांनाही जागा दिली होती. ग्लेनिसनं रॉडनीला न विचारता रणगाडा नेला आणि मांडला. रॉडनी आला, त्यानं पाहिलं, रागावला, पण चारचौघांत काय बोलणार. गुपचूप मागे उभा राहिला.

दुपारी पोर्ट पिरीहून एक जोडपं आलं. बाई गोधड्यांत रमली. नवरा सत्तरीचा, काठी टेकत चालणारा, कंटाळून मॉडेलांकडे वळला आणि रणगाड्यापाशी थबकला. वाकला. चष्मा काढून पुन्हा वाकला.

"हे घमेलं कुणी केलं?"

"माझ्या भावानं," रॉडनी म्हणाला.

"पोचा डाव्या कडेला आहे."

"हो."

"माझ्यामुळे पडला तो. मी त्याच्यावर बसलो होतो." म्हाताऱ्यानं सावकाश मान वर केली. "तू केलचा धाकटा. विचारत सुटणारा. मी नेव्हिल ओबर्न. त्याच गाडीत तोफेवर होतो."

ते दोघं सभागृहामागच्या बाकावर जाऊन बसले. रॉडनीला बोलायला तेल लागलं नाही. आयुष्यभर जिभेखाली धरलेली गोष्ट त्यानं सरळ विचारली. "खाली माणूस आला तर चालवणाऱ्याला कळतं का?"

"कळतं," नेव्हिल म्हणाला. "वर तोफेवरच्यालाही कळतं. रबराच्या मळ्यापाशी, अंधारून आलं होतं. थांबायचा हुकूम नव्हता. कोण होता, त्यांचा शिपाई की गावातला कुणी म्हातारा, ते आम्ही उतरून पाहिलं नाही."

"मी त्याला हेच विचारलं. म्हणून तो गेला."

"सांगितलंय त्यानं मला." नेव्हिलनं काठीची मूठ चोळली. "तू विचारलं नसतंस तर चहाच्या किटलीनं विचारलं असतं, राव. तो प्रश्न आम्हाला ऐकूच येत असतो."

रॉडनीनं वळून पाहिलं. "सांगितलंय? कधी?"

मग नेव्हिलनं सांगितलं. अठ्ठ्याऐंशी साली तो मासे धरायला उत्तरेला गेला होता. करुंबाच्या धक्क्यावर कोळंबीच्या बोटीवरून एक माणूस उतरला, तो केल्विन. नाव लेस हार्डी लावत होता. दोघं रात्रभर बसले. घरचं सगळं विचारलं त्यानं. परत चल म्हटलं तर म्हणाला, तो पोरगा डोळ्यांत बघून विचारतो, त्याच्यासमोर बसवणार नाही. कुणाला सांगू नकोस म्हणून शब्द घेतला. चौऱ्याण्णव साली नेव्हिलनं बोटीच्या मालकाला फोन केला तेव्हा कळलं, लेस हार्डी हृदयविकारानं गेला, तिथेच पुरला.

"अठ्ठ्याऐंशीला आई होती," रॉडनी म्हणाला. "त्या सालानंतरही ती दोन वर्षं होती. दाराला कडी लावत नव्हती."

नेव्हिलनं मान खाली घातली. "मी शब्द दिला होता," तो म्हणाला, पण स्वतःलाच ते पटत नसल्यासारखा.

रॉडनी उठून गेला. निरोपही घेतला नाही. घरी जाताना गाडीत त्यानं ग्लेनिसला सगळं सांगितलं, त्या दुपारच्या प्रश्नापासून. ती गाडी चालवत होती. तिनं रस्त्याच्या कडेला जवाच्या शेतापाशी गाडी थांबवली आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत सुरू केली नाही.

आठ-दहा दिवस तो नेव्हिलवर धुमसत होता, मग केल्विनवर. मेलेल्यावर रागावण्यापेक्षा जिवंत असून न आलेल्यावर रागावणं जड जातं. तो राग ठेवायचा कुठे हेच कळत नाही. त्या आठवड्यात त्यानं काडेपेटीतलं झाकण काढलं आणि बंद करून चिकटवलं. डावीकडून कुणी काही म्हणालं नाही. त्या शांततेची त्याला जास्त भीती वाटली.

मग एका रविवारी तो पोर्ट पिरीला गेला आणि नेव्हिलच्या दारात रणगाडा ठेवला. "घरात ठेववत नाही मला. तू त्यात बसला होतास."

नेव्हिल म्हणाला, "चहा घेशील?"

"घेतो."

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर रॉडनी आणि ग्लेनिस कॅरव्हान जोडून उत्तरेला निघाले. वाळवंट ओलांडून, वाटेत मुक्काम करत करुंबाला पोचले. लेस हार्डीच्या डोक्याशी एक लोखंडी क्रॉस होता, खाऱ्या हवेनं खाल्लेला. रॉडनी तिथे उभा राहिला, पण आत काहीच हललं नाही. नाव परक्याचं, माती लाल, घरच्यासारखी एकही वस्तू नाही. नेव्हिलची चूक तर झाली नसेल, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

धक्क्यावर आमिष आणि बर्फ विकणारी इव्हलिन नावाची बाई होती. तरुणपणी तिनं त्याच बोटीवर कोळंबी निवडली होती.

"लेस? आमचा आचारी तो," ती म्हणाली. "तुम्ही कोण त्याचे?"

"धाकटा भाऊ."

"भाऊ आहे म्हणून कधी बोलला नाही." तिनं रॉडनीकडे निरखून पाहिलं. "कपाळ तेच आहे, पण."

"आचारी?" रॉडनी म्हणाला. "त्याला अंडं उकडता यायचं नाही. आई सांगायची, पाणीसुद्धा करपवतो."

"मग नंतर शिकला असेल," ग्लेनिस हळूच म्हणाली.

"असा तिखट रस्सा करायचा कोळंबीचा, की पोरं बोट सोडून जायची नाहीत," इव्हलिन म्हणाली. "आणि भातावर झाकण ठेवलं की कुणाला उघडू द्यायचा नाही. ओरडायचा. नंतर वाईट वाटून, ज्याच्यावर ओरडला त्यालाच सगळ्यात मोठा वाटा वाढायचा."

रॉडनी बर्फाच्या पालथ्या घातलेल्या पेटीवर बसला. बाहेर एक बोट धक्क्याला लागत होती, दोर फेकले जात होते.

"रस्सा कसा करायचा तो?" त्यानं विचारलं. "आधी कांदा घालायचा का?"

"ऐका, सांगते," म्हणत इव्हलिननं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि सुरुवातीपासून सांगायला लागली.