मागे बसलेल्यांचा वैमानिक

फोन शेजारच्या घरी आला. मुलुंडच्या आमच्या मजल्यावर तेवढा एकच फोन. पलीकडे लॉरेन्सची बायको, फिलोमिनावहिनी होत्या. "सुधा, लॉरेन्स गेला गं." सकाळी तो शेवग्याच्या शेंगा काढायला शिडीवर चढला होता. खाली उतरला, शेंगा वहिनींच्या हातात दिल्या, पायरीवर टेकला तो पुन्हा उठलाच नाही. रिसीव्हर धरून मी शेजारणीच्या हॉलमध्ये उभी होते आणि डोक्यात एकच वेडा विचार आला, की हे लॉरेन्सला सांगायला हवं. इतकी वर्षं काहीही घडलं की मी आधी त्यालाच सांगत आले होते.

लॉरेन्स मरोळच्या गावठाणातला. लहानपणापासून डोक्यावरून विमानं जायची, म्हणून वैमानिक झालो, असं तो सांगायचा. पण हवाई दलात त्याच्या हाती आलं हेलिकॉप्टर. कमांडोंना अवघड जागी नेऊन सोडायचं आणि परत आणायचं, हे त्याचं काम. एकदा डोंगरात इंजिन बंद पडलं आणि हेलिकॉप्टर आदळलं. त्याच्या कण्याला मार बसला, उडणं सुटलं, आणि तो अंधेरीला आमच्या कचेरीत आला. कमांडोंच्या जुन्या हेलिकॉप्टरांचं आधुनिकीकरण कसं करायचं, याची आखणी करणारा आमचा एक छोटा गट होता. गटात मी एकटीच बाई. पहिल्याच दिवशी तो माझ्या ड्रॉइंग बोर्डापाशी येऊन म्हणाला, "झकास काढलंयस. पण यात माणसं कुठे बसणार?" मी बोट दाखवलं. तो वाकून ती जागा निरखू लागला.

आखणी म्हणजे रोजची ओढाताण. रात्री उडता यावं म्हणून नवी यंत्रं हवीत, लांब जाता यावं म्हणून जादा टाकी हवी, आणि हेलिकॉप्टर मात्र तेवढंच वजन उचलणार. एक वस्तू आत आली की दुसरी बाहेर. लॉरेन्सचा हट्ट एकच, मागच्या सीट बदला. जमिनीवर खिळलेल्या त्या जुन्या सीट आदळल्यावर सगळा दणका माणसाच्या पाठीत घालतात, असं तो म्हणायचा. आमचे प्रमुख कर्णिकसाहेब म्हणायचे, "सीट पुढच्या टप्प्यात बघू." खरं सांगायचं तर मलाही तेव्हा त्यांचंच पटायचं.

मग एका रविवारी तो मला मालाडला घेऊन गेला. चाळीतल्या खोलीत रघुनाथ परब पलंगावर उशांना टेकून बसला होता. पूर्वीचा कमांडो, कंबरेखाली आता काही हलत नव्हतं. हेलिकॉप्टर आदळलं त्या दिवशी तो लॉरेन्सच्या मागे बसला होता. त्याच्या बहिणीने चहा आणला. लॉरेन्स घरचाच माणूस असल्यासारखा पलंगाच्या कडेला बसून त्याची दाढी करू लागला. रघुनाथ हसून मला म्हणाला, "माझो राग नाय त्येंच्यावर, मॅडम. कितीदा सांगतंय, पण आयकतत खंय!"  परतताना लॉरेन्स म्हणाला, "पुढची सीट चांगली होती गं. म्हणून मी चालतो."

त्यानंतर माझ्या डोक्यातून ती सीट हलेना. शेवटी मी ती जमिनीवरून उचलली आणि छताला टांगली. जाड पट्ट्यांची, वजनाला हलकी, आणि आदळलं तर वरची पट्टी वाकून दणका खाणारी. लॉरेन्सने कागद हातात घेतला आणि माझ्या पाठीत अशी थाप मारली की पेन्सिल उडून पडली. पण कर्णिकसाहेबांची शंका रास्त होती. टांगलेल्या सीटमधून माणसं झटपट बाहेर पडतील का? आमच्या शेडमध्ये केबिनचा प्लायवूडचा सांगाडा होता. त्यात चाचणी घ्यायला आम्ही जवान मागितले. महिन्यांमागून महिने गेले, जवान काही मिळाले नाहीत. जुन्याच सीटच्या, टाकीवाल्या आराखड्यावर सह्या व्हायची वेळ आली.

लॉरेन्सने मग जे केलं ते नियमात अजिबात बसणारं नव्हतं. त्याने एका रविवारी गावठाणातली फुटबॉलची टीम शेडमध्ये आणली. फिलोमिनावहिनींनी जाड कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या, त्यात कमांडोंच्या ओझ्याएवढी वाळू भरून त्या पोरांच्या पाठीवर बांधल्या. लॉरेन्स पुढे खुर्चीवर बसून ओरडायचा, "उतरा!" आणि ती पोरं धडपडत, हसत, एकमेकांना शिव्या घालत, कमांडो उतरतात तशी दोरावरून खाली यायची. जुन्या सीट, मग नव्या, मग पुन्हा जुन्या. नव्या सीटमधून जराही उशीर होत नव्हता. त्या दुपारी मी त्याला जितकं आनंदात पाहिलं, तितकं पुन्हा फार कमी वेळा पाहिलं.

सोमवारी त्याने स्वतःच कर्णिकसाहेबांना सगळं सांगितलं. साहेब डोकं धरून बसले. "गुप्त काम आहे हे, लॉरेन्स! बाहेरची माणसं आत आणलीस?"

"आणली, सर. सीट ठेवणार का?"

साहेबांनी माझं ड्रॉइंग पुढे ओढलं. ते वाईट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. "टाकी लहान करू," ते म्हणाले. "सीट राहील. तू राहणार नाहीस."

"चालेल," लॉरेन्स म्हणाला. बाहेर आल्यावर माझेच डोळे भरले. तो म्हणाला, "रडतेस काय? चल, उसाचा रस पिऊ."

नंतर तो मुलांना गणित शिकवायचा, संध्याकाळी फुटबॉल. मी मरोळला जात राहिले, पण कामाचा विषय निघत नसे. मला बोलायची परवानगी नव्हती आणि तोही कधी विचारत नसे. वहिनी बोंबील तळायच्या, तो बेसूर गाणी म्हणायचा... आमच्या दोघांच्या मध्ये ते न बोललेलं असायचं. गेल्या वर्षी मात्र कचेरीत कळलं, की आमच्या आखणीनुसार बदललेल्यांपैकी एक हेलिकॉप्टर डोंगरउतारावर जोरात आदळलं आणि त्यातली माणसं स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली. त्या संध्याकाळी मी मरोळला गेले. तो अंगणात पोरांचा फुटबॉल शिवत होता. मी एवढंच म्हटलं, "लॉरेन्स, मागचे सगळे चालत उतरले रे." त्याच्या हातातला दाभण थांबला. कुठे, कधी, काही विचारलं नाही. आत जाऊन त्याने तोंड धुतलं, स्वच्छ शर्ट घातला आणि म्हणाला, "मालाडला येतेस?"

तिथे पोचल्यावर मात्र त्याने मलाच पुढे केलं. मी सांगितलं. रघुनाथने त्याचा हात धरला आणि म्हणाला, "आता तरी माझा आयका, साहेब." लॉरेन्सने मान डोलावली. त्यानंतरही तो दाढी करायला जातच राहिला, पण रघुनाथची बहीण सांगते की मग दोघं तिथे बसून पत्ते खेळायचे आणि भांडायचे.

परवा त्याला जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये मिस्सा झाली. घरी खूप माणसं होती. जेवणं उरकली, अंधारायच्या आत मी निघाले. मरोळला गेले की परतीच्या बसस्टॉपपर्यंत लॉरेन्स नेहमी सोबत यायचा. मी नको म्हटलं तरी यायचा, जागा मिळाली का ते खिडकीशी येऊन बघायचा, आणि बस वळेपर्यंत हात वर करून उभा राहायचा. परवा मी चप्पल घातली तर फिलोमिनावहिनी काळ्या साडीवर शाल घेऊन उभ्या. "चल," त्या म्हणाल्या. वाटेत आम्ही भाजीचे भाव, त्यांचे गुडघे, असंच काही बोललो. बस आली. मला खिडकी मिळाली. वहिनींनी चवड्यांवर उभं राहून आत डोकावून पाहिलं, मी बसलेली दिसल्यावर मागे सरकल्या. त्या थोड्या डावीकडे उभ्या राहिल्या होत्या, शेजारी एका माणसाची जागा सोडून. बस हलली तेव्हा त्यांनी हात वर केला... आणि मी वळणापर्यंत त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.