चपला बघणाऱ्या अक्का

आमच्या अक्का आईचं तोंड बघत नसत, पाय बघत. मेहरूणमधल्या त्यांच्या पाळणाघराच्या दारात मूल कडेवर घेऊन उभं राहिलं की नजर थेट खाली. चपला न्याहाळायच्या आणि त्यावरून फी ठरवायची. टाचेची चामडी चप्पल असली तर जास्त, रबरी स्लिपर असली तर कमी, अंगठा दोऱ्यानं शिवलेला असला तर नावापुरती. "पगार विचारला की बाया रडायला लागतात," त्या म्हणायच्या. "चपलेला रडता येत नाही."

अक्का मूळच्या भडगावच्या. एरवी बोलणं शहरातलं, पण समोरच्याबद्दल तुच्छता वाटली की अहिराणी सुरू व्हायची. म्हणजे दिवसभर बहुधा अहिराणीच. या तुच्छतेतून दोघं सुटत: अंगणात रांगणारी पोरं आणि त्यांना सांभाळणारी सुनंदा. माझा मुलगा घरी वरणभात थुंकायचा आणि सुनंदाच्या हातची मेथी मिटक्या मारत खायचा. ती कडेवर घेतल्याशिवाय झोपायचा नाही. आलेल्या फीतून आधी सुनंदाचा पगार बाजूला निघे, मग दूध, मग जागेचं भाडं, आणि काही उरलंच तर अक्का. कुणी पाहुणी "किती पुण्याचं काम करता" म्हणाली की अक्का तिला थंडपणे सांगायच्या, "पुण्य मी करते. काम सुनंदा करते. तिला पगार लागतो."

आता त्या वेळची मी. सरकारी कचेरीत कारकून, केसांत गजरा आणि डोक्यात हवा. अक्कांची मोजपट्टी ध्यानात आल्यावर मी जी युक्ती काढली ती माझी एकटीची, हे आजही थोड्या ऐटीत सांगते. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत चांगल्या चपला काढून ठेवायच्या, पिशवीतली फाटकी जोडी पायात घालायची, मूल सोडायचं, परत येऊन जोडी बदलायची. अशानं माझी फी उतरली. बाकीच्या आया काय मागं राहतात? कचेरीतल्या, बँकेतल्या, शाळेतल्या, सगळ्यांच्या पायांत अचानक दुष्काळ पडला. गिरणीवाल्या भाऊंकडे दळणाच्या डब्यांपेक्षा चपला जास्त. वाचलेल्या पैशातून मी काचेचा टी-सेट घेतला, आणि तो फुटेल म्हणून पाहुण्यांना चहा स्टीलच्या पेल्यातच देत राहिले. इतकी हुशार बाई मी.

तिकडे पाळणाघराची फी आटत गेली. अक्कांनी आधी स्वतःचं घेणं बंद केलं, मग घरमालकाची बोलणी खाल्ली. शेवटी सुनंदाच्या पगाराला हात लावायची वेळ आली, आणि नेमकं तेव्हाच तिला डाळमिलमधून बोलावणं आलं. सुनंदा पदराला हात पुसत म्हणाली, "अक्का, मला जायचं नाही. पण मलाही पोरं आहेत ना."

त्या संध्याकाळी अक्कांनी आम्हा सगळ्यांना अंगणात अडवलं. रांगेनं पाय बघत गेल्या.

"बठ्ठास्न्या चपला फाटेल शेतस," त्या म्हणाल्या, म्हणजे सगळ्यांच्याच फाटक्या. मग आम्हाला नीट कळावं म्हणून शहरातल्या मराठीत आल्या. "सुनंदा डाळमिलला चाललीय. डाळीतला खडा वेचायला तिथं जास्त देतात. तुमची पोरं सांभाळायला तुम्ही कमी देता. तिची जागा आता रिकामी. तुम्ही सगळ्या इतक्या नडलेल्या, तर बाहेरची बाई कशाला शोधू? उद्यापासून तुमच्यातलीच ठेवते. शी-शू, उलट्या, रडारड, सगळं आलं त्यात. पगार तुमच्या फीतून जेवढा निघेल तेवढा." मग माझ्या पायांपाशी थांबल्या. "काय सायबीण, तू येतेस?"

"अक्का, मला सरकारी नोकरी आहे," मी पुटपुटले.

"हो का? चप्पल तर तसं म्हणत नाही. टाचेला मात्र एक भेग नाही गं तुझ्या."

दुसऱ्या सकाळी पाळणाघरासमोर जणू वरात उतरली. कुणी लग्नातली जरीची चप्पल काढलेली, कुणी नवऱ्याचे बूट घालून आलेली. मी जावेच्या उंच टाचा मागून आणल्या आणि गिरणीसमोरच पाय मुरगळून बसले. भाऊ पीठ झटकत म्हणाले, "ताई, आज बदलायच्या नाहीत का?" एक बांधकामावर जाणारी बाई तेवढी कालच्याच शिवलेल्या चपलांत आली. अक्कांनी तिचं मूल सगळ्यांच्या आधी घेतलं, फी तीच ठेवली. आमची चढवली. सुनंदा राहिली.

पुढे माझी धुळ्याला बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा मी मुद्दाम अनवाणी गेले होते, म्हटलं आता काय बघतील. अक्का घटकाभर खाली बघत राहिल्या, मग पहिल्यांदाच नजर वर आली. मला निरखून म्हणाल्या, "अशी दिखस का तू?" आणि आत गेल्या. त्यानंतर भेट झाली नाही. त्या गेल्याचं मला उशिरा कळलं.

हल्ली रस्त्यानं चालताना मी लोकांचे पाय बघते. सुनेला वाटतं, वयानं मान वाकली.

परवा नातीच्या पाळणाघरात पालकांची बैठक होती. तिथल्या दोन ताई कमी पगारामुळे सोडून चालल्यात, त्यांना थांबवायचं तर फी वाढवावी लागेल, असं चालवणाऱ्या बाई सांगत होत्या. पालक खवळले. परवडत नाही, सामान्य माणसानं जायचं कुठं, वगैरे. दारात ताईंच्या चपला होत्या, एकीच्या पट्ट्याला सेफ्टी पिन. मी सगळ्यांचे पाय बघून घेतले आणि हात वर केला.

"परवडत नाही ना? मग दोन जागा रिकाम्या होतायत. कुणाला हव्यात?"

समोरच्या बापानं आपले पांढरेशुभ्र बूट हळूच खुर्चीखाली ओढून घेतले. मग माझ्या शेजारी बसलेल्या सुनेनंही.