खुर्ची वजा करून

जूनमधल्या एका सोमवारी सकाळी साडेसहाला मी वरवट बकालच्या थांब्यावरून शेगावची एसटी पकडली. खिशात चार हजार दोनशे रुपये होते. पोचवायला तिघं आले होते: आई, बाबा आणि धाकटा भाऊ गजानन. बाबा बाजारात मापारी होते; पोती तोलण्यात त्यांची हयात गेली. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीशी येऊन ते एवढंच म्हणाले, "कोणी गोल आकडा सांगतला की समजजो, त्यानं मोजलंच नाही."

त्याला बावीस वर्षं झाली. आधी पुणे, गेली आठ वर्षं जर्मनी. बाबा आता नाहीत. मी इथे एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. बाबांचं ते वाक्य मी सोबत आणलं होतं. त्याच वाक्याच्या जोरावर मी सख्ख्या भावाला खोटं ठरवलं.

यंदा आई आजारातून उठली, पण अंग धरेना. डॉक्टरांनी दर आठवड्याला वजन करायला सांगितलं. बेचाळीसच्या खाली गेलं तर लगेच आणा म्हणाले. आईला आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं. म्हणून गजू दर रविवारी तिला हनीफभाईंच्या दुकानात नेई. ते सोयाबीन खरेदी करतात. त्यांच्या काट्यावर प्लास्टिकची खुर्ची ठेवायची, आईला तिच्यात बसवायचं आणि आलेल्या आकड्यातून खुर्चीचे दोन किलो तीनशे ग्रॅम वजा करायचे. हनीफभाई नको म्हणत, तरी आई दहा रुपये तोलाई दिल्याशिवाय उठत नसे. मापाऱ्याची बायको होती ती.

तो आकडा, कधी सोबत एखादा शेरा, गजू फोनवरून भरायचा. ते माझ्या कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये यायचं, आणि मी लिहिलेली छोटी स्क्रिप्ट टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, तक्ता छापायची. त्रेचाळीस पस्तीस, त्रेचाळीस दहा. मूळ फाइल मी कधी उघडत नव्हतो.

मग मी नवा लॅपटॉप घेतला. पहिल्याच दिवशी गजूच्या मराठी शेऱ्यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटली. भाषेची सेटिंग बदलली, अक्षरं दिसू लागली. एररचे काही संदेश उरले होते, ते दिसणार नाहीत अशी सोय करून टाकली. काम झालं असं मला वाटलं.

त्यानंतर तक्त्यात आलं ४२,००. पुढच्या रविवारी ४२,००. सलग सात रविवार ४२,००.

माणसाचं वजन सात आठवडे ग्रॅमभरही हलत नाही? मी फोन लावला.

"गजू, आईला काट्यावर नेतोस ना?"

"हाव. काऊन?"

"बाबा काय म्हणायचे आठवतं? गोल आकड्याबद्दल?"

तो म्हणाला, "दादा, तू मले लबाड समजून राह्यला काय?"

मी नाही म्हणालो नाही.

पुढच्या रविवारी त्यानं फोटो पाठवला. खुर्चीत आई, आणि काट्यावर लाल अक्षरांत ४४.७५. खुर्ची वजा करून ४२.४५. माझ्या तक्त्यात तरीही ४२,००. खरं सांगायचं तर तेव्हाही मनात आलं की आज फोटो काढायचा म्हणूनच नेलं असेल. पण मापाऱ्याच्या मुलानं मूळ पावती बघायला हवी होती. मी फाइल उघडली. आठही रविवारांचे आकडे ग्रॅमपर्यंत लिहिलेले होते.

टर्मिनलवर 'लोकेल' टाइप केलं की कॉम्प्युटर कुठल्या बाबतीत कुठल्या देशाची रीत पाळतो ते ओळीनं दाखवतो. अक्षरांच्या ओळीवर मराठी होतं. आकड्यांच्या ओळीवर जर्मनी. इथे दशांशाला टिंब नसतं, स्वल्पविराम असतो. गजूचं टिंब यंत्राला कळत नव्हतं. ते टिंबापुढचे ग्रॅम टाकून देत होतं आणि तक्रारही करत होतं. तिचं तोंड मीच बंद केलं होतं. आणि ४२,०० मधला तो स्वल्पविराम सात आठवडे माझ्या समोर होता. आठ वर्षांत डोळा इतका सरावला की तो मला खटकलाच नाही.

मी ती एक ओळ बदलली. ४२.९०, ४२.७५, ४२.६०, ४२.४०, ४२.२५, ४२.१०. आई दर आठवड्याला झिजत होती, आणि मी सगळं ठाकठीक दाखवणाऱ्या तक्त्यासमोर बसून भावावर संशय घेत होतो. सातव्या आकड्याला वजन वळलं होतं: ४२.३०.

मी गजूला फोन केला. सहाव्या रविवारी त्यानंच आईला डॉक्टरकडे नेलं होतं, औषध बदलून आणलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुले दिसूनच राह्यलं असंल ना, तुह्या तक्त्यात."

मी चूक सांगितली. तो फक्त "बरं" म्हणाला.

दिवाळीत गावी गेलो. रविवारी काट्यावर आधी मी पाच किलोची बंद पिठाची पिशवी ठेवली. सवय जात नाही. काटा ५.०२ दाखवत होता.

"पिठावर भरवसा हाय याचा," गजू हनीफभाईंना म्हणाला, "माह्यावर नाही."

"खुर्ची बी तोलून घ्या, इंजिनेरसाब," हनीफभाई म्हणाले. मी तीही तोलली. दोन तीस.

आई ४३.२० भरली. मग गजूनं मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. "आता तुहा आकडा. मी लिहून ठेवतो." त्यानं खुर्ची वजा केली आणि ७८.६५ फोनमध्ये भरलं, आईच्या आकड्याखाली.

मी खिशात हात घातला, तर आई म्हणाली, "राहू दे. पाव्हण्यानं तोलाई द्याची नसते."

कमरेची पिशवी सोडून तिनं दोघांचे मिळून वीस रुपये हनीफभाईंच्या हातावर ठेवले.