कलशाखालचा तडा

नसलेला तडा शोधून काढायची अक्कल एकेकाळी माझ्याकडे होती, हे आधीच कबूल करते.

दौंडच्या बाजूला टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणीला होते. वेल्डिंगने जोडलेल्या पोलादी प्लेटवर नाण्याएवढे सेन्सर चिकटवायचे. एकातून कानाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा. तो प्लेटच्या अंगातून धावत दुसऱ्यापर्यंत जायचा. वाटेत तडा असला की केबिनमधल्या स्क्रीनवरची लहर बिघडायची. वर काही ओझं असलं तरी बिघडायची. म्हणून प्लेट मोकळी ठेवा गं, असं नव्या पोरींना मी घसा खरवडून सांगायची.

त्या खंडेनवमीला, नऊ दिवसांच्या उपासांनी पाय ओढत, मीच तपासायच्या एका प्लेटला हळदकुंकू वाहिलं आणि बरोब्बर जोडावर पाण्याने भरलेला कलश मांडला, वर नारळ. मग केबिनमध्ये काचेमागे जाऊन बसले. लहर वाकडी! या बाईसाहेबांनी ऐटीत कागदावर लिहिलं: जोडात तडा.

जोड वडगाव रासाईच्या एका वेल्डरने मारलेला. त्याला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे त्याच आठवड्यात ठरणार होतं. साहेबांनी जोड कापायला सांगितला. वेल्डरने कलशाला नमस्कार केला, दोन्ही हातांनी उचलून तो स्टुलावर ठेवला. माझ्यासमोर स्क्रीनवरची लहर सरळ झाली.

तेव्हाच ओरडायचं होतं. पण एवढ्या वर्षांचा अनुभव आडवा आला. ग्राइंडर सुरू झाला आणि चांगला जोड माझ्या डोळ्यांदेखत कापला गेला. आता गुडघे चालत नाहीत, तेव्हा जीभ चालली नाही. माझा एक ना एक अवयव संपावर असतोच.

जेवणाच्या सुट्टीत फराळाचा डबा न उघडताच साहेबांकडे गेले. म्हटलं, "तडा नव्हता. माझा कलश होता."

साहेबांनी माझ्या कागदावर काट मारली. "कायमच्या यादीत त्याचं नाव राहील. पण हे त्याला तुम्हीच सांगा."

तो कापलेल्या कडा घासत बसला होता. मी सांगितलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"मला ठावं व्हतं, बाई. कलश उचलला आन् काचंतून तुमचं तोंड दिसलं, तवाच कळलं. साहेबांचा हुकूम, म्हणून कापला. सुट्टीपातुर वाट बघितली, तुम्ही बोलताय का न्हाई याची. आता जोड म्या परत मारतो. कलशावरचा नारळ मात्र म्या खाणार, तुम्हाला मिळायचा न्हाई."