एक जागा सरकलेली उत्तरं

आमच्या सरांनी कुणाला कधी ‘मार्क किती पडले?’ असं विचारलं नाही. जळगावच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा माणूस, आकड्यांवरच पोट. पण विचारायचा काय, तर ‘कुठून चुकायला लागलास?’ पोरं पाठीमागे त्यांना क्रमसर म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

विषयच त्यांचा तो. विद्यार्थ्याची उत्तरं एकामागून एक कशी बरोबर-चूक येतात, त्या ओळीवरून त्याला खरं काय येतं, याचा अंदाज बांधणारं मॉडेल. मी त्यांच्याकडे पीएचडीला होते. मूळची धुळ्याची, म्हणून मला कायम ‘धुळेकर’. माझं खरं आडनाव त्यांना ठाऊकच नसावं, असा मला दाट संशय होता. ‘धुळेकर, चूक एकटी बघायची नाही, तिच्या शेजारणी बघा,’ हे तर ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

एकदा एका सराव परीक्षेच्या, गोल रंगवायच्या उत्तरपत्रिका आमच्याकडे आल्या. फैजपूरच्या एका मुलीची सुरुवात झकास आणि मधूनच पुढे जवळपास सगळं चूक. मॉडेल म्हणालं, अंदाजपंचे. मी तिला बाजूला ठेवून मोकळी झाले. सर मात्र चहा निवेपर्यंत तो कागद बघत बसले. येणारं पोर असं एकाएकी येईनासं होत नाही, म्हणाले. मग त्यांनी तिची पुढची सगळी उत्तरं एकेक जागा पुढे सरकवली. पोरीने एक प्रश्न सोडला होता आणि त्याची ओळ रिकामी ठेवायला विसरली होती. सर पाचोऱ्याकडचे, खूश झाले की घरची बोली बाहेर यायची.

“बठ्ठं बरोबर शे,” ते म्हणाले, म्हणजे सगळंच बरोबर आहे. “एक जागा सरकलंय, बस.”

मग तेही मॉडेलात बसवायचं ठरलं. माझा अख्खा उन्हाळा त्यात गेला, आणि त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

सर निवृत्त होऊन पिंप्राळ्यात राहायला गेले, मी धुळ्यात नोकरीला लागले. यंदा त्यांना मेंदूचा झटका आला. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, फोनवर सांगितलं, हातपाय चालतात, पण विचारावं एक तर बोलतात भलतंच. माणसं ओळखत नाहीत. मला फार वाईट वाटलं. सुट्टी काढून गेले.

सर खिडकीशी बसले होते. जेवलात का, विचारलं. नुसते बघत राहिले. चहा घेणार का, विचारलं.

“जेवलो,” सर म्हणाले.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी विचारलं, कुठे दुखतंय का?

“बिनसाखरेचा.”

मग मी मुद्दाम विचारलं, “सर, मी कोण?”

“डावा खांदा.”

आता फक्त पुढचं काहीतरी विचारायचं होतं आणि मला धीर होत नव्हता. शेवटी विचारलं, बाहेर ऊन आहे का?

“धुळेकर,” सर म्हणाले.

मी काकूंना सरांसमोर बसवलं. म्हटलं, काकू, एक जागा सरकलंय. बठ्ठं बरोबर शे. त्यांना एवढं समजावून सांगायला मला थोडा वेळ लागला.

काकूंनी खुर्ची जवळ ओढली. “मला ओळखलंत का? कोण मी?”

“खूप ऊन,” सर म्हणाले.

या वेळी काकू रडल्या नाहीत. “रात्री खिचडी टाकू का?” त्यांनी विचारलं, आणि सरांच्या तोंडाकडे बघत बसल्या.